रेणूला रेणू ओळखतो कसा: रिसेप्टर आणि चमकणारे नॅनोकण, सुरुवात करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी कार्बन डॉटवर, म्हणजे यूव्ही उजेडात चमकणाऱ्या अतिसूक्ष्म कार्बनी कणांवर काम करायचं आहे, असं म्हणत येणारी मुलं हल्ली बरीच भेटतात. विषय मोहात पाडणाराच आहे. स्वस्त रसायनं, ओव्हनमध्ये काही तास, आणि दुसऱ्या दिवशी यूव्ही टॉर्च मारली की बाटलीत निळा उजेड. मग त्यात लोहाचं द्रावण टाकायचं, उजेड कमी झाला की 'लोह ओळखणारा सेन्सर' म्हणून लिहून टाकायचं.

पण उजेड कमी झाला म्हणजे लोह ओळखलं, असं होत नाही. ओळखणं हे काम दुहेरी आहे. हवा तो रेणू धरायचा आणि त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे सगळे सोडून द्यायचे. त्यातला दुसरा भाग अवघड, आणि सगळी मेहनत तिथेच लागते. आपल्या पेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू धरून पेशीला कळवणारी प्रथिनं, हे काम अचूक करतात. म्हणून या लेखात सुरुवात रिसेप्टरपासून केली आहे, नॅनोकण नंतर येतात. बारावीचं रसायनशास्त्र आठवत असेल तर पुढचं सगळं समजेल.

पायरी १: तर्री तोंडात गेल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या

तर्री-पोहे खाताना तोंड 'भाजतं' असं आपण म्हणतो. पोहे कोमट असले तरी भाजतं. मिरचीतला कॅप्सेसिन हा रेणू जिभेवरच्या चेतातंतूंमधल्या टीआरपीव्ही१ नावाच्या प्रथिनाला जाऊन बसतो. या प्रथिनाचं एक काम उष्णता ओळखणं हे आहे. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर ते उघडतं, त्यातून कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूकडे 'भाजलं' असा निरोप जातो. कॅप्सेसिन बसलं की तेच दार कमी तापमानालाही उघडतं. मेंदूला पोचणारा निरोप दोन्ही वेळा एकच असतो. हे प्रथिन १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधलं आणि त्या कामाला २०२१ चं नोबेल मिळालं.

आता ओळख कशी पटते ते बघा. कॅप्सेसिनच्या एका टोकाला व्हॅनिलिनसारखं डोकं आहे आणि दुसऱ्या टोकाला कार्बनची लांब, तेलकट शेपटी. प्रथिनाच्या खाचेत डोकं हायड्रोजन बंधांनी अडकतं आणि शेपटी पाण्यापासून दूर, तेलकट भागात विसावते. यातला कोणताही एक बंध पक्का नाही. कच्चे बंध एकाच वेळी, योग्य अंतरावर, योग्य दिशेने जुळले तरच पकड बसते. सगळी निवड या 'एकाच वेळी'मधून येते.

पुरावा हवा असेल तर पक्ष्यांकडे बघा. भिवापूरची मिरची पोपट आरामात खातो, कारण पक्ष्यांच्या टीआरपीव्ही१ ची खाच कॅप्सेसिनला दाद देत नाही. उष्णतेला मात्र ते प्रथिन व्यवस्थित उघडतं. सशाचं प्रथिनही कॅप्सेसिनला फार कमी दाद देतं, आणि प्रयोगशाळेत त्यातलं ५५० व्या जागेचं एकच अमिनो आम्ल बदललं की ते संवेदनशील होतं. पूर्ण प्रथिन तेच, एक जागा वेगळी, आणि ओळख असते किंवा नसते. तुमच्या नॅनोकणाकडून अशा दर्जाची ओळख अपेक्षित असेल तर त्याच्या पृष्ठभागावर कुठे काय आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं.

ओळख पटायची नसताना पटली तर काय होतं, हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं. ऑक्सिजन सुटल्यावर शेजारच्या हिमोग्लोबिनवरची एक तेलकट खाच त्याला उपलब्ध होते, तिथे ते नेमकं बसतं, आणि रेणूला रेणू जोडत लांब तंतू तयार होऊन लाल पेशी वाकते. त्या खाचेचा हा उपयोग कधीच नव्हता. अनपेक्षित जोडी जमणं ही रसायनशास्त्रात अगदी रोजची गोष्ट आहे आणि सेन्सर बनवताना तीच सगळ्यात जास्त त्रास देते.

वाचताना दोन नावं भेटतील. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. डॅनियल कोशलँड यांनी १९५८ मध्ये सुचवलं की रेणू बसताना प्रथिनही आपला आकार थोडा बदलतं. टीआरपीव्ही१ सारख्या रिसेप्टरमध्ये हा बदल हेच खरं काम आहे, कारण दार त्यामुळेच उघडतं. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या झाल्या: धरणं आणि धरल्याचं कळवणं. ही विभागणी लक्षात ठेवा. नॅनोकणात 'कळवणं' फ्लुरोसन्स, म्हणजे उजेड शोषून दुसऱ्या रंगात चमकणं, करतो, ते सोपं असतं. 'धरणं' कोण करणार, हे आपल्याला ठरवावं लागतं.

पायरी २: 'किती घट्ट' याचा आकडा शिका

ज्या तीव्रतेला निम्मे रिसेप्टर भरलेले असतात, तो वियोजन स्थिरांक. तो जितका लहान तितकी पकड घट्ट. बायोटिन आणि अ‍ॅव्हिडिनची जोडी सुमारे १० चा उणे १५ वा घात मोलर, म्हणजे जवळजवळ न सुटणारी. चांगली प्रतिपिंडं नॅनोमोलरच्या आसपास असतात.

भरलेला अंश काढायचं सूत्र सोपं आहे: रेणूची तीव्रता भागिले (तीव्रता अधिक स्थिरांक). तीव्रता स्थिरांकाएवढी असेल तर ५० टक्के, दहापट असेल तर ९१ टक्के, एक दशांश असेल तर ९ टक्के. १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला तीव्रता ८१ पट वाढवावी लागते. हे आकडे कागदावर स्वतः काढा, आलेखही हाताने काढा.

नवीन माणसाला वाटतं की पकड जितकी घट्ट तितका सेन्सर चांगला. तसं नाही. स्थिरांक नॅनोमोलर आणि तुमच्या पाण्यात पदार्थ मायक्रोमोलरमध्ये असेल, तर सेन्सर पहिल्याच थेंबाला भरून जातो आणि कमी-जास्त काहीच सांगत नाही. जे मोजायचं आहे ते किती असतं, हा प्रश्न आधी विचारायचा.

आपल्या विदर्भासाठी एक खरं उदाहरण घेऊ. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा प्रति लिटर १ मिलिग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मोलरमध्ये बघितलं तर १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ५३ मायक्रोमोलर आणि १.५ म्हणजे सुमारे ७९. गावाला उपयोगी पडणारा सेन्सर साधारण २५ ते १५० मायक्रोमोलरमध्ये नीट बोलला पाहिजे. नॅनोमोलर फ्लोराइड पकडल्याचा दावा शोधनिबंधात छान दिसतो, बोअरवेलवर त्याचा काही उपयोग नाही.

पायरी ३: घरी टॉनिक वॉटरचा प्रयोग करा

प्रयोगशाळेत जायच्या आधी हा प्रयोग कराच. टॉनिक वॉटरचा एक कॅन आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च लागते. नोटा तपासायच्या स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ च्या असतात, त्यात टॉनिक वॉटरला कडू चव देणारं क्विनीन फारसं चमकत नाही. टॉर्च घेताना आकडा बघून घ्या. डोळ्यांत उजेड जाऊ देऊ नका, गॉगल लावा.

टॉनिक वॉटरमधल्या क्विनीनमुळे अंधाऱ्या खोलीत निळा उजेड दिसेल. एकसारखे पाच ग्लास भरा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात चमचाभर मीठ, तिसऱ्यात चमचाभर साखर, चौथ्यात एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), पाचव्यात खाण्याचा सोडा. सोडा हळूहळू टाका, फसफसून वर येईल. ढवळा, बुडबुडे शांत होऊ द्या आणि पाचही ग्लास शेजारी ठेवून बघा. नंतर हे पाणी प्यायचं नाही.

मिठाच्या ग्लासात उजेड स्पष्ट कमी होतो. साखरेचा आणि एप्सम सॉल्टचा ग्लास पहिल्यासारखाच राहतो. इथपर्यंत निष्कर्ष सोपा वाटतो: क्लोराइड उजेड विझवतं, सल्फेट विझवत नाही. उजेड घेऊन उत्तेजित झालेल्या क्विनीनला क्लोराइड आयन धडकतो आणि ती ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते.

मग सोड्याच्या ग्लासाकडे बघा. तिथेही उजेड कमी झाला आहे, आणि सोड्यात क्लोराइड नाही. सोड्याने आम्लता घालवली, क्विनीनच्या एका नायट्रोजनवरचा प्रोटॉन निघाला आणि त्याचं चमकणं डोळ्याला न दिसणाऱ्या भागाकडे सरकलं. परिणाम एकच, कारणं दोन. 'क्विनीन क्लोराइड ओळखतं' असं लिहून तुम्ही मोकळे झाला असतात, तर सोड्याच्या ग्लासाने ते खोटं ठरवलं असतं. शिवाय ब्रोमाइड आणि आयोडाइडही क्विनीनला विझवतात. म्हणजे ही ओळख क्लोराइडची नाहीच.

साखर, एप्सम सॉल्ट आणि सोडा या तिन्ही ग्लासांना प्रयोगशाळेत कंट्रोल म्हणतात. माझं ठाम मत आहे की कंट्रोलचे ग्लास मुख्य ग्लासापेक्षा जास्त असले पाहिजेत.

पायरी ४: कण बनवा, पण संत्र्याच्या सालीपासून सुरुवात करू नका

कार्बन डॉट म्हणजे साधारण १० नॅनोमीटरपेक्षा लहान कार्बनी कण. २००४ मध्ये कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना ते योगायोगाने सापडले. त्यांचे भाऊबंद असलेल्या क्वांटम डॉटना, म्हणजे कॅडमियम सेलेनाइडसारख्या अर्धवाहक कणांना, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. क्वांटम डॉटचा रंग आकारावरून ठरतो, २ नॅनोमीटरला निळा आणि ६ च्या आसपास लाल. ते सुंदर आहेत, पण कॅडमियम विषारी आहे, आणि सुरुवात करणाऱ्याने त्यात हात घालू नये. कार्बन डॉट त्या मानाने निर्धोक.

नागपूर म्हटलं की संत्र्याची साल आठवणारच. संत्र्याच्या रसापासून कार्बन डॉट बनवल्याचं काम २०१२ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. तरीही शिकताना साल वापरू नका. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतं, मृगाचं फेब्रुवारीनंतर. दोन्हींत साखर, आम्ल आणि तेलाचं प्रमाण सारखं नसतं. डिसेंबरमध्ये जमलेले कण मार्चमध्ये जमले नाहीत तर चूक तुमची की फळाची, हे कसं कळणार? शिकायचं तर सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमाइन घ्या. दोन्ही रसायनं ठरलेली, कृती हजारदा तपासलेली, उजेड भरपूर. साल नंतर आहेच.

दोन्ही पाण्यात विरघळवून टेफ्लॉनच्या अस्तराच्या स्टील ऑटोक्लेव्हमध्ये भरायचं आणि १८० ते २०० अंशांवर काही तास ठेवायचं. अस्तर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि २२० अंशांच्या वर जाऊ नका. ऑटोक्लेव्ह खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही, घाईने नळाखाली धरायचा नाही. आत दाब असतो. उन्हाळ्यात तो थंड व्हायला रात्र लागते, लागू द्या. एथिलीनडायअमाइन फ्यूम हूडमध्येच हाताळा.

आता शुद्धीकरण. या पायरीवर सगळ्यात जास्त आळस होतो. सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमाइनमधून कणांबरोबर छोटे चमकणारे रेणूही तयार होतात, आणि कधी कधी बाटलीतला बराचसा उजेड त्या रेणूंचाच असतो, कणांचा नसतो. ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळणं एवढं पुरत नाही. १००० डाल्टनच्या डायलिसिस पिशवीत (तिच्यातून त्याहून लहान रेणू बाहेर जातात, कण आत राहतात) भरून दोन दिवस ठेवा, बाहेरचं पाणी बदलत राहा, आणि बाहेरच्या पाण्यावरही टॉर्च मारा. ते चमकत असेल तर शुद्धीकरण संपलेलं नाही. पाणी डबल डिस्टिल्डच हवं. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम कणांच्या कार्बॉक्सिल गटांना जाऊन चिकटतं.

पायरी ५: ओळखणारा गट जोडा

हाती आलेल्या कणाच्या पृष्ठभागावर कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल आणि अमाइन गट विखुरलेले असतात. टीआरपीव्ही१ सारखी खाच तिथे नाही. असा उघडा कण ज्या ज्या धातूला ऑक्सिजन किंवा नायट्रोजन आवडतो त्या सगळ्यांना धरतो: फेरिक लोह, तांबं, पारा, अ‍ॅल्युमिनियम. थोडंफार डावं-उजवं होतं, पण ती रसायनाची आवड आहे, तिला ओळख म्हणणं जास्तच होईल.

खरी ओळख हवी तर दुसऱ्याकडून आणावी लागते. प्रतिपिंड, अ‍ॅप्टॅमर (ठरावीक रेणू धरणारा डीएनए किंवा आरएनएचा तुकडा), रेणूच्या साच्याभोवती बनवलेला पॉलिमर, फॉलिक आम्ल, बोरॉनिक आम्ल असे पर्याय आहेत. बोरॉनिक आम्ल शर्करेला धरतं म्हणून ग्लुकोजसाठी ते फार वापरतात, पण साधं फिनाइलबोरॉनिक आम्ल फ्रुक्टोजला ग्लुकोजपेक्षा जास्त घट्ट धरतं. 'ग्लुकोज सेन्सर' केलात तर फ्रुक्टोजचा ग्लास सगळ्यात आधी भरा.

कणाच्या कार्बॉक्सिलला दुसऱ्याचं अमाइन जोडायला ईडीसी-एनएचएस ही, त्याच नावाच्या दोन रसायनांची पद्धत वापरतात. कार्बॉक्सिल सक्रिय करताना पीएच ५ ते ६ ठेवा, जोडताना ७.२ ते ७.५ वर आणा. ट्रिस किंवा ग्लायसिनचा बफर चालत नाही, कारण त्यात स्वतःचंच अमाइन असतं आणि तेच जाऊन जोडलं जातं.

पेशींवर काम करण्याची सोय असेल तर फॉलिक आम्लाचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशींपैकी हेला पेशींवर फोलेट रिसेप्टर (फॉलिक आम्ल धरणारे) भरपूर असतात, ए५४९ पेशींवर फार कमी. फॉलिक आम्ल जोडलेले कण हेलामध्ये शिरले आणि ए५४९ मध्ये शिरले नाहीत, तर निम्मं सिद्ध झालं. उरलेलं निम्मं असं: हेलाला आधी भरपूर मोकळं फॉलिक आम्ल द्या, मग कण द्या. जागा आधीच भरल्यामुळे आता कण कमी शिरले तर ते रिसेप्टरमार्गेच जात होते. तेवढेच शिरले तर त्यांचा रस्ता वेगळा आहे. एक बारीक गोष्ट: फॉलिक आम्ल उजेडात तुटतं आणि तुटलेला भाग स्वतः निळा चमकतो. द्रावण ताजं करा आणि अंधारात ठेवा.

फ्लोराइडसाठी वाट जरा वेगळी आहे. पाण्यात फ्लोराइड आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कवच फार घट्ट असतं. हायड्रोजन बंधावर चालणारे कितीतरी प्रोब (पदार्थ धरल्यावर उजेड बदलणारे रेणू किंवा कण) अ‍ॅसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकात फ्लोराइड छान ओळखतात आणि पाण्यात गप्प बसतात. बोअरवेलमधून अ‍ॅसिटोनायट्राइल येत नाही, त्यामुळे असे निबंध वाचून बाजूला ठेवा. फ्लोराइडला झिरकोनियम आणि अ‍ॅल्युमिनियमची मात्र जबर ओढ आहे. चमकणाऱ्या पदार्थावर झिरकोनियम बसवून त्याचा उजेड दाबायचा आणि फ्लोराइडने झिरकोनियम ओढून नेला की उजेड परत येतो, ही युक्ती पाण्यातही चालते.

उजेड वाढवणारा प्रोब विझवणाऱ्या प्रोबपेक्षा मला केव्हाही जास्त विश्वासाचा वाटतो. विझवायला काहीही पुरतं: गढूळपणा, पीएच, रंग, तापमान. विझलेला उजेड परत यायला मात्र ठरावीक कारण लागतं.

पायरी ६: मोजताना मधे येणाऱ्या गोष्टी

स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरवर, म्हणजे चमक मोजायच्या उपकरणावर बसण्याआधी झेनॉन दिवा अर्धा तास तापू द्या. क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची चौकोनी नळी, चारही बाजूंनी पारदर्शक, शक्यतो क्वार्ट्झचा. कणांचं शोषण उत्तेजनाच्या तरंगलांबीला ०.१ च्या खाली ठेवा.

पहिलं मोजमाप नुसत्या पाण्याचं. ३५० नॅनोमीटरने उत्तेजित केलं तर साधारण ३९७ ला एक लहान शिखर दिसेल, ३६५ ने केलं तर ४१७ ला, ४०० ने केलं तर ४६३ च्या आसपास. हे पाण्याचं रामन प्रकीर्णन, म्हणजे ऊर्जा थोडी गमावून विखुरलेला प्रकाश. चंद्रशेखर वेंकट रामन १९१० मध्ये इथेच नागपुरात लेखा खात्यात अधिकारी होते. त्यांच्या नावाचा परिणाम १९२८ चा, आणि गांधीसागराजवळचं रामन विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं. गंमत अशी की कार्बन डॉटचं शिखरही उत्तेजन बदललं की सरकतं. त्यामुळे कण फार विरळ असतील तर नवीन माणूस पाण्याच्या शिखरालाच कणांचं शिखर समजतो. नुसत्या पाण्याचा आलेख वजा केला की प्रश्न मिटतो.

क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातला किती भाग चमक बनून बाहेर येतो तो अंश, काढताना तुलनेला क्विनीन सल्फेट घेतात, ०.१ मोलर गंधकाम्लात त्याचं मूल्य ०.५४ धरतात. गंधकाम्लाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊ नका. का, ते मिठाच्या ग्लासाने आधीच सांगितलं आहे.

लोहाच्या सेन्सरचा मोठा सापळा इथेच आहे. फेरिक लोह स्वतः अतिनील प्रकाश शोषतं. कणांपर्यंत उजेड पोचायच्या आधीच लोहाने तो गिळला, तर कण अंधारात राहतात आणि कमी चमकतात. यात कण आणि लोह एकमेकांना भेटलेही नाहीत. तपासायची सोपी रीत: कण एका क्युव्हेटमध्ये, लोह दुसऱ्यात, आणि लोहाचा क्युव्हेट टॉर्च आणि कणांच्या मधे धरा. वेगळे असूनही उजेड तेवढाच कमी झाला, तर तुमच्याकडे आहे तो प्रकाशाचा पडदा. आकड्यांत दुरुस्ती करायची तर मोजलेल्या उजेडाला १० च्या घाताने गुणायचं. घात म्हणजे उत्तेजन आणि उत्सर्जन या दोन तरंगलांबींच्या शोषणांची बेरीज भागिले २.

उरलेल्या विझण्याचं कारण शोधायला स्टर्न-व्होल्मर आलेख काढतात: मूळ उजेड भागिले उरलेला उजेड, विझवणाऱ्या पदार्थाच्या तीव्रतेसमोर. समजा उतार १०,००० प्रति मोलर आला आणि कणांचा उत्तेजित आयुष्यकाळ ५ नॅनोसेकंद आहे. उतार भागिले आयुष्यकाळ, म्हणजे धडकांचा वेग, २ गुणिले १० चा १२ वा घात येतो. पाण्यात दोन रेणू एकमेकांना धडकण्याचा कमाल वेग १० च्या १० व्या घाताच्या आसपास असतो. म्हणजे हे नुसत्या धडकांनी शक्य नाही. लोह कणाला आधीपासून बांधलेलं असणार किंवा पडदा असणार. हा एक भागाकार न केल्यामुळे 'धडकेने विझतं' असं लिहिणारे बरेच आहेत.

तापमानाबद्दल नागपुरात वेगळं लिहावं लागतं. तापमान वाढलं की बहुतेक पदार्थांचा फ्लुरोसन्स कमी होतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना सकाळी ८ ला घेतलेलं ब्लँक (मोजायचा पदार्थ नसलेलं द्रावण) आणि दुपारी ३ ला घेतलेला नमुना एकाच आलेखावर ठेवता येत नाही. क्युव्हेट होल्डरला पाणी फिरवण्याची सोय असेल तर २५ अंशांवर बांधून टाका. नसेल तर ब्लँक आणि नमुना आलटून पालटून मोजा. कूलरच्या खोलीत उपकरण ठेवू नका, दमट हवेने आरसे आणि लेन्स खराब होतात.

पायरी ७: नकारांची यादी

ज्याला ओळखायचं आहे त्याच्या तीव्रतेइतके इतर आयन घेऊन एकेक तपासतात, तेवढं पुरत नाही. खऱ्या पाण्यात कॅल्शियम, बायकार्बोनेट, क्लोराइड हे फ्लोराइडच्या कितीतरी पट असतात. तेवढेच घ्या. दुसरं, सगळे एकत्र टाकून, त्यात फ्लोराइड असताना आणि नसताना, असं दोन्ही मोजा. फॉस्फेट विसरू नका, कारण तेही झिरकोनियमला ओढून घेतं. पीएच प्रत्येक ग्लासात तपासून लिहा. ब्लँक निदान दहा वेळा मोजा. त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले उतार, ही तुमची किमान मर्यादा.

पायरी ८: खऱ्या पाण्यात उतरा

अंबाझरी किंवा फुटाळ्याचं पाणी आणलं तर लक्षात ठेवा, तलावाच्या पाण्यातले कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे ह्युमिक पदार्थ स्वतः चमकतात, तेही ४२० ते ४५० नॅनोमीटरला, म्हणजे अगदी निळ्या कार्बन डॉटच्या जागी. प्रोब न टाकता नमुन्याचा आलेख घ्या आणि वजा करा. बोअरवेलचं पाणी बादलीत आल्यावर नितळ दिसतं आणि तासाभराने तांबूस होतं, कारण आतलं फेरस लोह हवेने फेरिक होऊन खाली बसतं. लोह मोजायचं असेल तर नमुना घेतल्या घेतल्या आम्ल टाका. फ्लोराइडसाठीचा नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत, आम्ल न टाकता.

मोजताना प्रमाणित भर पद्धत वापरा. त्याच नमुन्यात ज्ञात फ्लोराइड थोडं थोडं वाढवत जा आणि सरळ रेषा मागे ओढून मूळ आकडा काढा. मग तोच नमुना फ्लोराइड इलेक्ट्रोडवर मोजून घ्या. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो असतो.

दोन्ही आकडे जुळले नाहीत तर घाबरायचं कारण नाही, शोधायची दिशा ठरलेली आहे. प्रोब जास्त दाखवत असेल तर आधी फॉस्फेट तपासा. कमी दाखवत असेल तर गावात पाण्याला तुरटी घालतात का ते विचारा. फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत नागपुरातल्याच नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केली, तिच्यात तुरटी आणि चुना वापरतात. अशा पाण्यात उरलेलं अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडला धरून बसतं आणि तुमच्या झिरकोनियमपर्यंत ते पोचतच नाही. इलेक्ट्रोडच्या मोजणीत टिसाब बफर (पीएच आणि आयनांचं प्रमाण स्थिर ठेवणारं आणि धातू पकडणारं मिश्रण) घालून ते फ्लोराइड आधी सोडवून घेतात, म्हणून तिथे आकडा पूर्ण येतो. हाच बफर प्रोबच्या बाटलीत मात्र टाकू नका, त्यातला धातू पकडणारा घटक झिरकोनियमही काढून नेईल आणि फ्लोराइड नसतानाही उजेड परत येईल. तुरटीच्या पाण्यासाठी नमुना आधी वेगळा सोडवून घेण्याची पायरी लागते, आणि ती पायरी कण टाकण्याच्या आधी, स्वतंत्र भांड्यात करायची.